केतकी ढेबे हिने युवराजांवर केलेल्या प्रोटेस्टची हकीकत

॥ श्री ॥ श्री गजाननास वंदन. वाऱ्यासही वंदन, कां की त्यास कोणी वंदन करो वा न करो, तो आपले मर्जीनेच वाहतो. खावंदांनी पुसले की तळ्यावर दंगा कैसा जाहला तो मुळापासून लिहून पाठवणे. त्यावरून जे पाहिले, जे ऐकिले ते लिहितो. पदरचे घातले असेल तर थोडके.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शुक्रवार, ते दिवशी मोहिमेस तोंड लागले. राज्य म्हणाल तर एक तळे. धरण बांधिले आणि पाणी चढले आणि सात गावे पाण्याखाली गेली, आणि मग शहरातील थोर लोकांनी येऊन त्या पाण्यावर शिडांचे संस्थान थाटिले. काठास लाल कौलांचा दिवाणखाना, हिरवळ, झेंड्याची काठी, आणि फाटकावर पाटी की सभासदांखेरीज कोणी आत येऊ नये. संस्थानचे धनी सरखेल दादासाहेब, वय बाहत्तर, पांढरी टोपी, पांढरे जोडे. होडीत बसोन वीस वर्षे लोटली होती, परंतु दरारा ऐसा की ते नुसते खाकरले तरी दिवाणखान्यातील चमचे वाजावयाचे थांबत. त्यांचा नातू ऋषिराज, वय चौदा, त्यास सारे युवराज म्हणत आणि तोही ओ देई. मुलांची होडकी लहान, एकास एक, एक शीड, एक सुकाणू, नाक चपटे. दुरून पाहता कोणी कणीक मळावयाच्या पराती सोडल्या आहेत ऐसे वाटावे. ज्या साली पंधरा पुरी होतील ते साल सरले की त्या होडक्यात बसण्याची मुभा नाही, हा कायदा साऱ्या मुलखाचा.

त्या होडक्यांत एक केतकी ढेबे, वय पंधरा पुरे. तिचा बाप सखाराम ढेबे संस्थानची मोटारबोट चालवी, बोये, म्हणजे शर्यतीची वाट दाखविणारे तरते गोळे, टाकी, उलटलेली पोरे पाण्यातून उचली, आणि त्याच्या चाकरीच्या भिडेने पोरीस एक जुने होडके मिळाले होते. ढेब्यांचे गाव त्या सातांतले. ज्या जागी दुसरा बोया टाकत, त्याच्या बरोबर खाली तिच्या आज्याचे खळे होते, ऐसे सखाराम सांगे आणि लगेच विषय बदली. मोहीम तीन दिवसांची, शर्यती सहा, आणि जो सर्वांत सरस ठरेल त्या एकासच दक्षिणेच्या समुद्रावरील थोरल्या शर्यतीस जावयाची जागा होती. युवराजास पुढले वर्ष शिल्लक होते. केतकीस नव्हते. हे तिला झोपेतून उठविले तरी ठाऊक होते.

आता तळ्याचा कायदा सांगतो, तो ध्यानी धरावा. दोन होडकी समोरासमोर आली तर ज्याच्या उजव्या अंगावर वारा, त्याचा मार्ग. ज्याच्या डाव्या अंगावर वारा, त्याने वाट सोडावी. न सोडली तर दुसऱ्याने जागीच 'प्रोटेस्ट!' म्हणोन ओरडावे. मग चुकणाऱ्याने होडक्याच्या दोन गिरक्या घ्याव्या आणि पुढे जावे. चूक कबूल नसेल तर काठावर न्याय व्हावा. परंतु ह्या संस्थानात चार वर्षे एक वेगळीच चाल पडली होती. युवराज डाव्या वाऱ्याने आले तरी पोरे आपली होडकी वळवीत आणि वाट देत, आणि त्यास आपसांत 'मुजरा' म्हणत. मुजरा केला की संध्याकाळी दिवाणखान्यात आइसक्रीम मिळे. न करावा ऐसे कोणास सुचलेच नव्हते. पोरांस शिडाचे शिक्षण देणारे उस्ताद मोघे यांनी कायदा सर्वांस तोंडपाठ करविला होता, परंतु केतकीने एकदा पुसले की मग युवराजास तो लागू का नाही, तेव्हा उस्ताद म्हणाले, "अगं, कायदा शिकवला तो परीक्षेसाठी. पाण्यावर जरा डोकं वापरायचं." वाहवा उस्ताद!

शुक्रवारी दोन शर्यती होऊन युवराज आणि केतकी बरोबरीस राहिली. मग शनिवार उजाडला, षष्ठीचा दिवस, मावळतीचा वारा असा कडक की झेंडा फाडफाड वाजू लागला, आणि सोळा होडकी सुटली, आणि पहिल्या बोयाकडे जाताना केतकी सर्वांच्या पुढे, अंगावर उजवा वारा, आणि डावीकडून युवराज आले, डावा वारा घेऊन, सरळ तिच्या अंगावर. केतकी ओरडली, "उजवा वारा माझा! वाट दे!" युवराजाने मान वर करून पाहिले आणि हसला. चार वर्षे ती ह्या हसण्याला वळत आली होती. ह्याही वेळी शेवटल्या घटकेस तिने सुकाणू मारले, न मारती तर दोघेही पाण्यात जाते, आणि होडके डगमगले आणि शीड फडफडले आणि तीन होडकी पुढे निघोन गेली. पण मग तिच्या पोटातून जे उठले ते आजवर उठले नव्हते. ती ओरडली, "प्रोटेस्ट!" आणि ऐसी ओरडली की काठावर सरखेलांच्या हातचा चहा बशीत सांडला. साऱ्या पोरांनी माना वळविल्या. युवराज म्हणाला, "वेडी झालीस का?" आणि गिरकी न घेता पुढे गेला आणि पहिला आला. केतकी चवथी.

काठावर आली तो कोणी तिच्याशी बोलेना. ती भिजल्या कपड्यांनिशी बाकावर बसली आणि तक्रारीचा कागद भरू लागली. उस्ताद मोघे धावत आले. "केतकी, बाळा, कागद दे इकडे. चूक झाली म्हण, मी सांभाळून घेतो." ती म्हणाली, "सर, चूक त्याची, आणि सांभाळून मला घेणार?" उस्ताद आल्या पावली दिवाणखान्यात गेले. मग सरखेलांनी सखारामास बोलाविणे पाठविले, आणि तो ओल्या पायांनी गालिच्याच्या कडेस उभा राहिला, आणि सरखेल मोठ्या मायेने बोलिले, "ढेबे, तुम्ही आमच्या घरचे. मुलीला समज द्या. उद्या तुमच्याबद्दल कमिटीत विषय निघाला तर मला बोलता येणार नाही." धमकी मधात घोळून दिली ती ऐसी. सखाराम बाकापाशी आला आणि पोरीच्या शेजारी बसला आणि सरखेलांचे बोलणे तिला सांगितले. केतकी म्हणाली, "आबा, तुमी म्हनाल तर फाडते." सखारामाने गुडघे चोळले आणि म्हणाला, "मी काय म्हनू? पान्यात तू हुतीस. मी न्हवतो." आणि मग उठताना म्हणाला, "अक्षर नीट काढ. वाचता आलं पायजे त्यांना." केतकीने नाक पुसले आणि कागद पुरा केला आणि नेऊन दिला.

न्यायास लीलाताई रेगे म्हणोन बाई परमुलखातून आल्या होत्या, आरमारातून निवृत्त, केस बारीक कापलेले, आइसक्रीम न खाणाऱ्या. त्यांनी टेबलावर निळे कापड अंथरले, एक केशरी लाकडी गोटी बोया म्हणोन ठेविली, दोन बोटभर लाकडी होड्या मांडल्या, त्यांची पत्र्याची शिडे डावी-उजवीकडे फिरत, आणि वाऱ्याची दिशा दाखवावयास कागदाचा बाण ठेविला. साक्षीस कोण? उरल्या चौदा पोरांस पुसले, चौदाही म्हणाली, आम्ही पाहिले नाही. त्यांत शमिका, वय नऊ, पुढले दोन दात पडलेले, ती सर्वांत जवळ होती, ती तर आपल्या चपलांकडेच पाहत राहिली. केतकीस तिचा इतका राग आला की कान तापले. मग तिने आपली हकीकत सांगितली, सरळ, जैसी घडली तैसी. मग युवराज उठले आणि म्हणाले, "मी आधीच वळलो होतो. माझ्याही उजव्या अंगावर वारा होता. ती मागून आली." आणि सफाईने बोलिले, एक शब्द अडखळला नाही, आणि सरखेल मागे बसून मान डोलवीत राहिले. केतकीस वाटले, संपले.

लीलाताई म्हणाल्या, "छान. आता ती ओरडली त्या क्षणी तुझी होडी कुठं होती, मांडून दाखव." युवराजाने होडी उचलली आणि बोयापाशी ठेविली. लीलाताई म्हणाल्या, "शीडही लाव." आणि मग मौज जाहली. तो सात वर्षांचा असल्यापासून शिडाशी खेळणारा पोर, लबाड असला तरी खलाशी खरा. त्याच्या बोटांनी बाण पाहिला, होडीचे नाक पाहिले, आणि डोक्यास न पुसता पत्र्याचे शीड जेथे असावयाचे तेथे, उजवीकडे, सारले. लीलाताईंनी चष्मा काढिला आणि म्हणाल्या, "शीड उजवीकडे, म्हणजे वारा डावीकडून. बरोबर ना, बाळ?" युवराजाने खाली पाहिले आणि हात मागे घेतला, परंतु उशीर जाहला होता. सरखेल ताडकन उठले. "पोराच्या हातून खेळणं हललं, त्याचा काय पुरावा?" लीलाताई म्हणाल्या, "सरखेलसाहेब, तुम्ही लावून दाखवा ना डावीकडं. वारा तिकडून, नाक इकडं. लावा." सरखेलांनी होडी हातात घेतली, फिरविली, पुन्हा फिरविली, आणि ठेवून दिली, कां की तैसे शीड लावता येतच नाही, होडी मागे जाईल हे त्यांसही ठाऊक. आता बोला! युवराजाची शर्यत रद्द जाहली, केतकी तिसरी जाहली, आणि शनिवारच्या उरल्या शर्यती होऊन हिशेब ऐसा बसला की दोघे पुन्हा बरोबरीस. रविवारच्या अखेरच्या शर्यतीत जो पुढे, तो दक्षिणेस जाणार.

रविवारी सप्तमी. भोंगा वाजला आणि केतकी जी सुटली ती सुटलीच. पहिल्या बोयास पुढे, दुसऱ्या बोयास पुढे, युवराज मागे तीन होडकी अंतरावर दात-ओठ खात. पंचांची बोट पार मागल्या पोरांपाशी. आता अखेरचा बोया वळायचा आणि सरळ काठ गाठायचा. तो समोर शमिका आली, एक फेरा मागे राहिलेली, दोन्ही हातांनी सुकाणू धरून, अंगावर उजवा वारा. केतकीच्या अंगावर डावा. केतकीस वाटले जाईन सुटून, आणि तिने होडके शमिकाच्या नाकासमोरून घातले, आणि शमिका घाबरून वळली आणि तिचे होडके पाण्याने भरले. आणि मग एक बारीक, दातांच्या फटीतून शीळ निघावी ऐसा आवाज आला, "प्रोटेस्ट!" आणि शमिकाने आपलेच तोंड हाताने दाबिले.

कोणी पाहिले नव्हते. काठ समोर दिसत होता. केतकीच्या मनात आले, हिला काल वाचा नव्हती, आज फुटली, आणि तीही माझ्यावर! रडू आले, शिवी आली, दोन्ही गिळली. शमिका डोळे फाडून पाहत होती, आता ही मोठी ताई काय करते म्हणोन. केतकी ओरडली, "बरोबर! वाट तुझी होती!" आणि सुकाणू पुरे मारिले आणि एक गिरकी घेतली आणि दुसरी गिरकी घेतली, आणि दुसरी पुरी होते न होते तो युवराज शेजारून निघोन गेले. मग तिने ऐसे होडके हाकिले की मोटारबोटीवरून सखाराम ढेबे उभा राहून, चाकरी विसरून, "वड, पोरी, वड!" ओरडू लागला. अर्ध्या होडक्याने हरली. अर्ध्या!

बक्षिसाचे वेळी सरखेलांची कळी खुलली होती. त्यांनी केतकीस दुसऱ्या क्रमांकाचा पेला देताना सर्वांदेखत पुसले, "मग, काय मिळालं एवढा तमाशा करून?" केतकीचे डोळे लाल होते, पण तिने ते खाली घातले नाहीत. म्हणाली, "साहेब, चार वर्षं या पाण्यावर कुणाचं तोंड उघडत नव्हतं. आज नऊ वर्षांची पोर माझ्यावर ओरडली. उद्या तुमच्या नातवावर ओरडंल. तवा तुमी चहा खाली ठेवून बसा." आणि पेला काखेत मारून उतरली. मागल्या रांगेत एका पोराने टाळी वाजविली आणि मग सगळ्यांनी. युवराजही वाजवीत होता ऐसे कोणी म्हणतात. मी पाहिले नाही, म्हणोन लिहीत नाही.

तात्पर्य इतकेच. युवराज दक्षिणेस गेले आणि तेथे एकोणचाळिसावे आले. येथे पुढल्या रविवारी एका शर्यतीत नऊ प्रोटेस्ट जाहले, न्यायास दिवे लावावे लागले. सखाराम ढेबे यास शिक्षा म्हणोन मोटारबोटीवरून काढिले आणि फाटकावर नेमिले. केतकीने ह्या सोमवारी मोठ्या वयाच्या पोरांची मोठी होडी मागितली, सरखेल नाही म्हणाले. तिने मंगळवारी पुन्हा मागितली, नाही म्हणाले. बुधवारीही तेच. आज गुरुवार, सकाळचे सात, ती पुन्हा आली आहे, आणि फाटक तिचा बाप उघडतो आहे. हे वर्तमान येथवर खरे.