टेनिसच्या बुटांना नाल

एक जोडा मी सात वर्षं वापरतो! भोकरदनच्या तहसील कचेरीत हे मी छाती ठोकून सांगितलं, अन् तिथंच फसलो. तहसीलदारसाहेबांना टेनिसचं भारी वेड. बंगल्यामागं त्यांनी सिमेंटचं पक्कं कोर्ट बांधलेलं, पण ते कोर्ट बूट खायचं, म्हणून खेळायला चौथा गडी काही मिळत नव्हता.

"बाबू, ठंड का पूरा मौसम हमारे साथ खेलो," साहेब म्हणाले. "नौकरी में कायम करने की सिफारिश मैं भेजूंगा."

मी हंगामी कारकून. न्हाई कोण म्हणणार? जालन्याहून रबरी तळाचे पांढरे बूट आणले. पण ते कोर्ट कसलं, नुकतं टाकी लावलेलं जातंच! हिवाळा सरता सरता तळ पापडागत झाला अन् उजव्या बुटातून अंगठा डोकवायला लागला.

"अव्हो, तुम्ही खेळून राह्यले का बूट दळून राह्यले?" आमची जयवंता म्हणाली.

"उद्याचा शेवटचा खेळ निभू दे गं! मंग साहेब कागद पाठवणार. उद्या बूट फाटले तर सगळ्याचं वाटोळं!"

दुसऱ्या दिवशी तिनं बूट फडक्यात बांधून हातात दिले. "बिलकुल काळजी करू नका. आता नातवंडांनाबी पुरतील!"

उशीर झाल्ता. पळतच बंगला गाठला, बूट चढवले अन् पहिल्याच चेंडूमागं धावलो.

खण! खण! खण! ठिणग्या उडाल्या! पाय पुढं, मी मागं, अन् जाळीखालून घसरत थेट साहेबांच्या पायाशी! मागं त्यांच्या लाडक्या कोर्टावर नांगरल्यागत दोन चरे उमटले.

बूट उलटा केला. टाचेला नाल, चवड्याला खिळे! आमच्या जयवंतानं बूट कारभारी नावाच्या नालबंदाला दिल्ते. बाजारात बैलांना नाल ठोकतो, त्याला!

"किसने किया ये?" साहेब गरजले.

जयवंताचा चेहरा डोळ्यांपुढं आला. गेली नोकरी तर गेली! "हुजूर, मीच."

साहेबांनी बूट हातात घेतला, नालावर टिचकी मारली अन् पोट धरून हसायला लागले. "झूठ मत बोलो, बाबू! ये घरवाली का काम है. मेरे वालिद के जूतों को अम्मी ने भी यही ठुकवाया था. सिफारिश भेजता हूं. बस, मेरे कोर्ट पे कदम मत रखना!"

झालो कायम! ते बूट मी अजून घालतो, सातवं वर्ष चालू आहे. गल्लीच्या तोंडाशी खणखणलं की जयवंता चुलीवर चहा ठेवते. फक्त, गुपचूप पत्ते कुटायला जायची सोय काही राह्यली न्हाई!