रोज एक वीत

आमचे इनासकाका रोज सकाळी दात घासायच्या आधी योसेफ आणि मरियेला एक वीत पुढे सरकवतात.

हे दोघं म्हणजे येशूचे आईबाप, मातीचे, बोटभर उंचीचे. सोबत एक गाढव, त्याचा एक कान डिंकाने चिकटवलेला. नाताळाआधीचे चार आठवडे म्हणजे आगमनकाळ, आणि काकांच्या हिशेबाने तेवढे दिवस या जोडप्याला नाझरेथहून बेथलेहेमला चालत जायचं असतं. नाझरेथ म्हणजे टीव्ही. बेथलेहेम म्हणजे कोपऱ्यातला पेंढ्याचा रिकामा गोठा. वाटेत खिडकीची कड, फ्रिज, शिलाई मशीन. कोणी म्हणालंच, "एकदाच काय ते मांडून टाका की," तर काकांचं ठरलेलं उत्तर, "घाई नको. येतायत ते."

मी इथे निर्मळ गावात त्यांच्या मागच्या खोलीत राहतो. वाशीमकडचा. आठवीत शाळा सुटली, आता कामणच्या गोदामात माल चढवतो. काकांनी ना ओळख ना पाळख, खोली दिली. तापात पडलो तेव्हा पेज करून घातली. अट एकच: "एकटा माणूस पाहिजे. संसार नको."  पण गावी माझ्या बायकोला, सुनीताला, सातवा महिना होता, तिला आई नाही, आणि तिला इथे आणू का, हे विचारायला माझी जीभ रेटत नव्हती. खोली गेली तर जायचं कुठे?

एक गोष्ट मी गेल्याच वर्षी पाहिली होती. मशीननंतर माझ्या खोलीचं दार येतं. तिथे काका या दोघांचा मुक्काम करत नाहीत. त्या दिवशी दोन विती एकदम, तेही दाराकडे न बघता.

यंदा आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, आनंदाचा रविवार म्हणून काकांनी गुलाबी मेणबत्ती लावली. मी केर काढत होतो. केरसुणी मशीनला लागली, वरचं गाढव हललं.

"अरे जपून! पोरीचे दिवस भरत आलेत!"

माझ्या हातून केरसुणीच पडली. "नाही हो काका, सातवाच सरतोय."

"सातवा कसला? नाताळ तोंडावर आलाय!"

"पण तुम्हाला कळलं कसं?"

"अख्ख्या जगाला ठाऊक आहे, गजा."

"रागावू नका काका. तिला आई नाही, म्हणून..."

"आहे की. मरियेची आई संत ॲना." मग काका थबकले. "तू कोणाबद्दल बोलतोयस?"

सगळं सांगितलं. काका "बरं" म्हणाले आणि केळींना पाणी द्यायला निघून गेले. 'बरं' म्हणजे काय, ते कळेना. मी माझी ट्रंक भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आलो, तर त्याच ट्रंकेवर योसेफ, मरिया आणि गाढव. गाढवापुढे, गोठ्यासाठी ताटलीत उगवलेल्या नाचणीचे चार कोंब. दारात काका, हातात कोरडा ब्रश.

"ही खोली बाळासाठी बांधलेली," ते म्हणाले. "तुझी काकू होती तेव्हा. बाळ काही आलं नाही. मग यांना तरी आत कशाला आणायचं, म्हणून..."

 वाकून त्यांनी गाढवाचा कान दाबून बघितला.

 त्यांचंच वाक्य माझ्या तोंडात आलं. "घाई नको काका, अजून वेळ आहे."

"घाई नको काय! हे जातील चालत," काका म्हणाले. "तू तिचं तिकीट काढ."