तीन सह्यांच्या मोहिमेची हकीकत

विद्यापीठाच्या दौलतीत जे घडले, ते डोळियांनी पाहिले, कानी ऐकिले, तैसेच लिहिले. कोणाची भीड धरिली नाही. वाचणाराने शोधप्रबंध वाचतात तैसे मधले एक प्रकरण चाळून उठू नये, शेवटपावेतो बसावे, इतकीच चाकराची अर्जी.

दौलतीत इबेरो-अमेरिकी अभ्यासाचा एक आंतरविद्याशाखीय सुभा होता. स्पेन व पोर्तुगाल हे दोन मुलूख, आणि समुद्रापलीकडील जे जे देश त्यांच्या भाषा बोलतात, तितक्यांचा विचार भाषा, इतिहास व राजकारण या तिन्ही शास्त्रांनी एकत्र बसून करावा, मधल्या भिंती पाडाव्या, ऐसा थोर मनसुबा करून सुभा स्थापिला, आणि पितळी पाटी घडविली, आणि भाषणे जाहली, मग ध्यानी आले की सुभ्यास खोलीच नाही. तेव्हा जिन्याच्या वळणावर लोखंडी कपाट ठेवून पाटी त्यासच लाविली. कपाटाचे दार नीट लागत नसे.

सुभ्याचे सरदार तीन. तळमजल्यास भाषेचे साहेब, पहिल्या मजल्यास इतिहासाच्या मॅडम, दुसऱ्या मजल्यास राजकारणाचे सर. विद्वत्तेत एकास एक भारी. परंतु दुसऱ्याच्या खोलीत पाऊल टाकिले म्हणजे मांडलिकी पत्करिली, ऐसे तिघांच्याही मनी पक्के बसले होते. सबब सात वर्षांत तिघे एकत्र बसले नव्हते, आणि भिंती पाडण्याविषयीच्या परिसंवादांस मात्र आळीपाळीने विमानाने जात.

त्या सुभ्यात एक कन्या पीएच.डी. करीत होती, तीस सारे पत्रवाली म्हणत. बंदरात मागे राहिलेल्या बायकांनी समुद्रापार कामास गेलेल्या नवऱ्यांस धाडिलेली पत्रे हा तिचा विषय. सहा वर्षे ती फिकट अक्षरे लावीत बसली, आणि चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, मग प्रबंध सिद्ध जाहला. साहेबांनी भाषेचे प्रकरण वाचून बाकीचे इतिहासावर ढकलिले, मॅडमनी इतिहासाचे वाचून बाकीचे राजकारणावर ढकलिले, आणि सरांनी तक्ते तेवढे पाहून ‘उत्तम’ ऐसा शेरा मारिला. अवघा प्रबंध अथपासून इतिपर्यंत ऐकिला तो एकट्या तिच्या मातोश्रींनी, इस्त्री करता करता.

ऐसे असता परीक्षा विभागाचा हुकूम आला की, शुक्रवारी पाच वाजेतो तिघांनी एकाच खोलीत, परस्परांसमक्ष सह्या कराव्या. न केल्यास नोंदणी रद्द, सहा वर्षे पाण्यात. मग पत्रवालीने तळमजल्यास कूच केले. साहेबांनी फर्माविले की, त्या दोघांनी खाली यावे. मॅडमनी फर्माविले की, बैठक मधल्या मजल्यावरच न्याय्य. सरांनी गुडघा दाखवून फर्माविले की, आपण उतरणार नाही. चार दिवस ती जिन्याने चढली आणि उतरली, आणि गुरुवारी दुपारी त्या पाटीच्या कपाटास टेकून ढसढसा रडली. लिहिणारासही वाईट वाटले, आणि रागही आला.

ते समयी कचेरीच्या बाई फाईल घेऊन चालल्या होत्या. बावीस वर्षे विद्वान सांभाळून बाईंस त्यांची नस ठाऊक. त्या थांबून बोलिल्या, “अगं वेडे, सहीला कोण कशाला येईल? फोटोला बोलव. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठासाठी म्हण, बघ कसे धावत येतात ते.”

मैदान नेमिले ते झेरॉक्सच्या खोलीचे, कारण ती कोणाच्याच मालकीची नव्हती. शुक्रवारी साडेचारास साहेब नवा कोट घालून आले, मॅडम केस विंचरून आल्या, आणि सर जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत आले. गुडघ्याचा कोणी उच्चार केला नाही. मग मधोमध कोणी उभे राहावे यावर तुंबळ जाहले, वीस मिनिटे गेली, आणि घड्याळ पाहून पत्रवालीच्या तोंडचे पाणी पळाले. तेव्हा बाईंनी मधोमध झेरॉक्स मशीनच ठेविले, आणि तिघांस भोवती उभे केले, आणि मशीनवर कागद ठेवून सांगितले की, सही करतानाचा फोटो भारदस्त दिसतो. वरची सही कोणाची, हा तंटा उठण्याआधीच मिटला होता, कारण बाईंनी सह्यांच्या जागा गोलात छापिल्या होत्या. तिन्ही पेने एकदम चालली, आणि पत्रवालीने मोबाईल उचलून फोटो काढिला. पाचास चार मिनिटे कमी असता शिक्का बसला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पत्रवाली डॉक्टर जाहली. फोटो मुखपृष्ठावर छापिला, खाली ‘आंतरविद्याशाखीय सहकार्याचे फलित’ ऐसे लिहिले, आणि तिघांची नावे हुद्द्यांसह दिली.

मातोश्रींनी अहवाल हाती घेतला, इस्त्री बाजूस ठेविली, आणि चष्मा पुसून बराच वेळ पाहिले.

“यात तू कुठंयस गं?”

“फोटो मी काढलाय, आई.”

मातोश्री बोलिल्या, “म्हणजे तुझ्या त्या पत्रांतल्या बायकांसारखी तूही मागेच राहिलीस की.” मग त्यांनी पेन मागून घेतले, आणि तिघांच्या नावांवर, कोऱ्या जागेत, लेकीचे नाव ठसठशीत अक्षरांत लिहिले. दौलतीच्या दफ्तरी ही चौथी सही नाही, म्हणोन येथे नोंदविली असे.