बुलढाण्याचं कुत्रं

आमच्या भिंगारात एक कुत्रं भर दुपारी निंबाखाली ओल्या पोत्यावर घोरत पडायचं आणि एक म्हातारा त्याला ताटलीनं वारा घालायचा. म्हातारा म्हणजे माझे शेजारी किसनतात्या, छावणीतल्या एका मेजरसाहेबांचे माळी. लढाई लागली तसे साहेब सरहद्दीवर गेले आणि जाताना आपला फ्रेंच बुलडॉग तात्यांच्या हवाली करून गेले. नाव बॉबी.

चपटं नाक, उभे कान आणि घोरणं पिठाच्या गिरणीसारखं. जाणारा-येणारा थबकायचाच. "काय हो तात्या, कुठलं म्हणायचं हे?"

तात्या खुलायचे. "बुलढान्याचं हाय. तिकडं सगळी अशीच."

मी शाळामास्तर. चुकीचं ऐकलं की राहवत नाही. "अहो, बुलढाणा नव्हे, बुलडॉग! फ्रेंच."

"व्हय, व्हय. फ्रेंच. बुलढान्याकडलंच." आणि पुढचा माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून. वर घाट चढला की हवा कशी गार लागते, एसटी कुठं बदलायची, हेही. माणूस कुत्रं विसरून एसटीचं ऐकत उभा. माझं डोकं फिरायचं.

पण खरं सांगतो, त्या निंबाखाली बसलं की उठवत नसे. पोत्याचा ओला वास, बॉबीचं संथ घोरणं, तात्यांची ताटली. डोळे मिटायचे आणि वह्या तपासायच्या राहून जायच्या.

ऊन तापू लागलं तशी बॉबीला धाप लागायला लागली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "आखूड नाकाची जात. हा उन्हाळा काढायची नाही. थंड मुलखात पाठवा." साहेबांची बदली तेव्हा डोंगराळ भागात झाली होती. तात्यांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गुरुजी, पत्र लिवा."

साहेबांनी पाठवलेला एक जवान जीप घेऊन आला. तात्यांनी मागच्या सीटवर ओलं पोतं अंथरलं आणि बॉबीला स्वतः उचलून ठेवलं. "उन्हात उतरवू नका त्याला," एवढंच म्हणाले.

जीप गेली. मी म्हणालो, "बरं केलंत तात्या. जगेल तो."

"जगंल की. पन आता बुलढान्याचं नाव कुनापाशी काढू?"

मला काही कळेना. त्यांनी घराकडं बघून आवाज उतरवला.

"लेक दिली हुती तिथं. बाळंतपनात गेली. तिची आई रडती म्हनून घरात त्या गावाचं नाव कुनी काढत न्हाई. बॉबीपायी चार मानसं इचारायची, कुठलं हो? तेवढंच गाव तोंडात यायचं. बंगल्यावर निम्मा जलम गेला गुरुजी, बुलडॉग मला काय ठावं न्हाई?"

मला माझीच लाज वाटली. इतक्या दुपारी मी या माणसाचा तो एक शब्द खोडत बसलो होतो.

"तात्या," मी विचारलं, "लेकीचं नाव काय होतं?"

ते निंबाखाली टेकले.

"सगुना," मग म्हणाले. "घाईत न्हाई ना तुमी?"

नाही म्हणालो आणि चपला काढून बसलो.