दोन नकारांची अट

परवाने विभागाच्या उपसंचालकांना शनिवारच्या संध्याकाळसाठी एक बाई हवी होती, आणि ही गरज संपूर्णपणे कार्यालयीन स्वरूपाची होती.

विभागात एक अलिखित नियम होता. सहसंचालकाच्या खुर्चीवर स्थिर मनाचा माणूस बसवायचा. आणि मन स्थिर आहे की नाही, हे तो वार्षिक जेवणाला जोडीनं येतो की एकटा, यावरून ठरवायचं. उपसंचालकांची बायको त्यांना सोडून गेली त्याला बराच काळ लोटला होता. तरी संचालकांनी विचारलं तेव्हा ते छातीठोकपणे बोलून बसले होते, "येणार की साहेब, जोडीनंच येणार."

म्हणून त्यांनी पैसे घेऊन सोबत करणाऱ्या एका बाईंचा नंबर मिळवला. जाहिरातीत स्वच्छ लिहिलं होतं : 'फक्त प्रौढांसाठी. जेवण, गप्पा, त्यापुढचं दोघांच्या मर्जीनं.' यातला 'दोघांच्या' हा शब्द उपसंचालकांना दिसला नाही. मधले शब्द गाळून वाचायची त्यांना कार्यालयीन सवय होती.

"शनिवारी सातला तयार राहा," त्यांनी फोनवर फर्मावलं.

"आपलं नाव?"

सावधगिरी म्हणून त्यांनी हिशेब शाखेतल्या मित्राचं नाव ठोकून दिलं.

"त्यांना मी घेत नाही," बाई म्हणाल्या. "मागेच सांगितलंय त्यांना."

नाइलाजानं त्यांनी स्वतःचं नाव हुद्द्यासकट सांगितलं. पलीकडे कोणी उठून उभं राहिल्याचा आवाज आला नाही.

"मी कोण आहे, कल्पना आहे का तुम्हाला?"

"नाही ना. म्हणून तर शिफारशी लागतात. दोन आणा."

"तुमच्यासारख्या बाईला भेटायला शिफारस? मंत्र्यांची आणू का?"

"मंत्री नकोत. ज्यानं कधीतरी तुम्हाला 'नाही' म्हटलं आणि तुम्ही ते आदळआपट न करता ऐकून घेतलं, असं माणूस हवं. अशा दोघांनी मला फोन करायचा. मग वेळ देते."

"एवढंच ना?" उपसंचालक हसले. हा या प्रकरणातला त्यांचा शेवटचा हसरा क्षण.

पहिला फोन त्यांनी सोडून गेलेल्या बायकोला केला. नकार देण्याचा तिचा अनुभव दांडगा होता.

"तू मला कितीदा तरी नाही म्हणायचीस, आठवतं?"

"आठवतं की. आणि मग तू काय करायचास, ते आठवतं?"

उपसंचालकांना आठवलं, आणि त्यांनी हवापाण्याचा विषय काढला. मग बाईंची अट सांगितली.

"मी फोन करीन रे," ती म्हणाली, "पण त्या बाईनं माझं काय वाकडं केलंय?"

दुसरा शाळेपासूनचा मित्र, दातांचा डॉक्टर. तो म्हणाला, "मी तुला तोंड मिटू नकोस म्हणालो, तर तू माझं बोट चावलंस. वर म्हणालास, घाई होती."

राहिलं कार्यालय. तिथे साहेबांना 'नाही' म्हणालेली माणसं होऊन गेली होती, पण त्या सगळ्यांच्या बदल्या फोन लागत नाही अशा ठिकाणी झाल्या होत्या. सह्या साहेबांच्याच होत्या. तेव्हा नवा नकार इथेच तयार करायचं ठरलं. त्यांनी शिपायाला बोलावलं.

"मला नाही म्हण."

"हो साहेब."

"हो नको. नाही म्हण."

"आपल्याला नाही कसं म्हणणार साहेब?"

"का नाही म्हणणार? माझा हुकूम आहे!"

"मग म्हणतो साहेब. आपण म्हणाल तसं. पाणी आणू का?"

दुपारी परिपत्रक निघालं. प्रत्येक शाखेनं साहेबांची किमान एक सूचना नाकारावी. नकार नम्र पण ठाम असावा. नकार देण्यास नकार देणाऱ्यावर कारवाई होईल. साहेबांच्या दाराशी रांग लागली. टंकलेखिकेला 'नाही' म्हणताना रडू फुटलं. रजेवरचा एक कारकून धावत येऊन नकार देऊन गेला. हेडक्लार्कनं तर बाईंना फोनही लावला : "साहेबांच्या आदेशानुसार कळवण्यात येतं, की मी साहेबांना नाही म्हणालो."

बाईंनी लगेच उपसंचालकांना फोन केला. "अहो, हा नकार कसला? ही तर हुकमाची तामिली."

शनिवारची दुपार झाली. उपसंचालकांनी पुन्हा नंबर फिरवला. आवाजातला हुद्दा बराच उतरला होता.

"बाई, माझी बढती अडलीय. दुप्पट देतो. एवढ्या वेळेपुरता नियम बाजूला ठेवा."

"नाही."

त्यांनी तोंड उघडलं. 'तुमच्यासारख्या बायका' इथून सुरू होणारं वाक्य जिभेवर आलं, थोडा वेळ तिथेच थांबलं, आणि परत गेलं.

"बरं," ते म्हणाले.

"हा एक धरते," बाई म्हणाल्या. "माझाच आहे, पण चालेल. आणखी एक."

जेवणाला ते एकटे गेले. शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर ताट मांडलेलं होतं. "जोडीदारीण कुठाय?" संचालकांनी सगळ्यांदेखत विचारलं. थापा मारायचं त्राण उरलं नव्हतं. उपसंचालकांनी बाईंची अट जशीच्या तशी सांगून टाकली.

टेबलावर हशा पिकला. मग तो एकदम ओसरला. जो तो ताटात बघू लागला. हिशेब शाखेतला मित्र वाढप्याला, आयुष्यात प्रथमच, "कृपया" म्हणाला.

संचालक कानाशी वाकले. "नंबर द्या तिचा."

"नाही साहेब."

हे आपणच बोललो यावर उपसंचालकांचा विश्वास बसेना. संचालक लालबुंद झाले. "नाही म्हणजे?" ते ओरडणार होते, तेवढ्यात त्यांना अट आठवली. त्यांनी आवाज खाली आणला.

"बरं. पण मग माझ्यासाठी तिला फोन कराल ना?"

"यांना दुसरी शिफारस माझ्याकडून मिळायची नाही," पलीकडून संचालकांची पत्नी म्हणाली.

संचालक सावरून बसले. "आणि तुमच्या बढतीचं म्हणाल, तर ते आता नाही जमायचं."

उपसंचालकांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"बरं साहेब."

दोघांनी हस्तांदोलन केलं, आणि तिथूनच, उपसंचालकांच्या फोनवरून, एकमेकांची शिफारस कळवली.

रविवारी सकाळी उपसंचालकांनी बाईंना विचारलं, "दोन झाल्या. आता कधीची वेळ?"

"तीन महिन्यांनी."

"एवढी मोठी रांग आहे?"

"रांगेत तुम्ही एकटेच आहात. मी सुट्टीवर चाललेय."

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. "बरं," ते म्हणाले. "नीट जाऊन या."

ही हकिगत ऐकून हसणाऱ्यांना शेवटी बाईंचा नंबर हवा असतो. निव्वळ कुतूहल म्हणून, असं ते सांगतात. हरकत नाही, नंबर मिळेल. फक्त मघापासून तुम्ही मनातल्या मनात जी दोन नावं शोधताय, ती सापडली की सांगा.