मेस्त्रीकाकांचा लाकडावर विश्वास नाही

आमच्या सोसायटीत कोणी नवा फ्लॅट घेतला की बाकीचे पेढे मागतात. मेस्त्रीकाका सागवानी दारावर टकटक करतात, कान लावतात आणि विचारतात, "आतून बघितलंय का?"

काकांनी मुंबईच्या गोदीत आयुष्यभर जहाजांचे पोलादी पत्रे जोडले. निवृत्त होऊन सदाशिव पेठेत आले. माणसाने लाकडी जहाजं सोडून लोखंडाची बांधली, मग लोखंड सोडून पोलादाची, एवढीच त्यांच्या मते प्रगती. बाकी सगळी जाहिरात. "लाकडाला किडा आतून पोखरतो आणि वरचा रंग ताजा! लोखंडाला जाडी फार लागते. पोलाद चेपेल, पण फुटणार नाही." माझ्या मुलीला आलेल्या स्थळाचा फोटो पाहूनही म्हणाले, "वरून ठीक आहे. आतून बघितलंय का?"

मी सोसायटीचा खजिनदार. या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीची पातळी रोज पहाटे चार बोटं उतरू लागली.

"अहो, गळत असेल," बायको म्हणाली.

"गळती घड्याळ लावून होत नाही."

गच्चीची किल्ली काकांकडे असते. संशय घ्यायला मला तेवढं पुरलं. एका पहाटे त्यांच्या मागोमाग वर गेलो. गच्चीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली काकांचा जुना पलंग आहे, असं आम्ही सगळे ऐकून होतो. काका त्यावर बादली ओतत होते.

"पलंगाला आंघोळ?"

काका दचकले. मग गोणपाट उचललं. खाली होडी होती. लाकडी.

"थोरल्या भावाने गावी बांधलेली. शेवटचीच. आता तिकडे लाकडी कोणी घेत नाही, म्हणून काम बंद केलं आणि ही टेम्पोत घालून पाठवली."

"काही निरोप?"

"निरोप कसला! मी गोदीत लागलो, तेव्हापासून बोलत नाही. घरच्या धंद्याशी बेइमानी केली म्हणे."

"आणि हे पाणी?"

"फळ्या वाळल्या की आकसतात. सांधे उघडले की होडी संपली."

"काका, हे समितीपुढे ठेवावं लागेल. टँकरचं पाणी आहे."

"ठेवा. पण निकाल लागेपर्यंत घालू द्या. ऊन फार आहे."

ते विनवत होते. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी मनात हिशेब केला आणि म्हणालो, "टाकीला हात लावू नका. आमच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी रोज दोन बादल्या निघतं. ते न्या. जरा खारट असतं."

"खारट? मग उत्तमच!"

काकांनी गोणपाट परत पसरलं, कडा नीट आत खोचल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या महिन्यात भाऊ पुण्यात येतोय, डोळ्याच्या ऑपरेशनला. उतरणार माझ्याकडेच, पुतण्याने ठरवलंय. तुमची भेट होईल. मी हिला रोज भिजवतो, हे तेवढं त्याला सांगू नका."

"का बरं?"

"अहो, बोलणं बंद आहे ना आमचं."