राखेचा ओटा आणि बसलेले महाराज

एका जंगलात, मुलांनो, एक वाघ राज्य करत होता आणि त्याच्याखाली सिंहासनाचा ओटा काही टिकत नव्हता.

ओटा दरवर्षी नवा बांधत. नुसते सिमेंट, वाळू, खडी आणि ओढ्याचे पाणी. पाणी पडले की सिमेंट आतून तापायचे आणि झटपट घट्ट व्हायचे. सकाळी ओतलेला ओटा संध्याकाळी बसण्याजोगा होई. पण एवढा जाड ओटा तापून निवला की त्याला भेगा पडत. दरबारी म्हणत, "महाराजांचे तेजच तसे आहे."

ओटा ओतला त्याच संध्याकाळी राजाने त्यावर बसायचे, असा तिथला रिवाज होता. कारण एकदा नवा ओटा रात्रभर रिकामा राहिला होता. सकाळी त्यावर माकड बसलेले सापडले. ते पुढे बरीच वर्षे राज्य करत राहिले, आणि वाईट केले असेही कुणी म्हणत नाही.

यंदा ठेका दादाराव रानडुकराला मिळाला. जंगलाबाहेर विजेचा कारखाना होता. तिथली राख फुकट मिळे. दादारावाने ती सिमेंटमध्ये भरपूर मिसळली.

"म्हाराज, राखेनं ओटा गार ऱ्हातोय," तो म्हणाला. "भेग पडायचं नाव न्हाई."

"आणि घट्ट होतो ना?" प्रधान घोरपडीने विचारले.

"होतो की. जरा सावकाश..." पण तेवढ्यात ढोल वाजू लागले.

संध्याकाळी महाराज ओट्यावर चढले आणि बसले. फच्च असा आवाज झाला. महाराज कमरेपर्यंत आत गेले.

 मग घोरपड पुढे झाली. "महाराज खाली गेलेले नाहीत," ती म्हणाली. "ओटा आदराने वर आला आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला.

वाघीण मात्र जवळ जाऊन कुजबुजली, "अहो, ओलं आहे ते. उठा."

"सगळ्यांसमोर?"

"अंगावर वाळल्यावर उठणार आहात का?"

"राजा बसल्याबरोबर उठत नसतो," वाघ म्हणाला आणि त्याने मान ताठ केली.

दुसऱ्या दिवशीही ओटा मऊच होता. एक उडी मारली असती तर वाघ मोकळा झाला असता. शेपटीला थोडे सिमेंट लागले असते आणि ओटा ओला होता एवढे कबूल करावे लागले असते. शेपटी धुता येते, पण कबुली कशी धुणार? वाघ बसून राहिला. मला विचाराल तर तो मूर्ख होता, पण मला कुणी विचारले नाही.

घोरपडीने फर्मान काढले की प्रजेने महाराजांना सकाळ-संध्याकाळ अभिषेक करावा. हरणे कळशा घेऊन रांगेत उभी राहिली. आता सिमेंटला पाणी म्हणजे जेवण. ओटा पोटभर जेवू लागला.

मग एके सकाळी वाघाने उठायचा प्रयत्न केला आणि डरकाळी फोडली, "मी अडकलोय!"

"महाराजांनी शपथ घेतली आहे!" घोरपडीने पुकारले. "प्रजेला सोडून ते कुठेही जाणार नाहीत!" पुन्हा टाळ्या.

वाघिणीने ओटा ओरबाडून पाहिला. तिची नखे तुटली. ती रडली, खरोखर रडली, आणि बछड्यांना घेऊन माहेरी निघून गेली. शिकार आणायला कुणी उरले नाही. प्रजा महाराजांना प्रेमाने कोवळे गवत भरवू लागली.

एक भेकर होती. तिची आई आणि दोन भाऊ याच महाराजांच्या पोटात गेले होते. कळशी ओतता ओतता तिने दादारावाला भीत भीत विचारले, "दादा, हे निसटायचे तर नाहीत ना?"

"राखेचं असंच असतंय बाई," दादाराव म्हणाला. "नुसतं सिमेंट पळत येतं आन् लवकर दमतं. राख मागनं येती, पर थांबत न्हाई. पाणी मिळंल तवर घट्टच होत जाती."

भेकरीने महाराजांकडे पाहिले. महाराजांनी भेकरीकडे पाहिले. ते हळू आवाजात म्हणाले, "पुरे आता पाणी."

"असं कसं महाराज," भेकर म्हणाली, आणि कळशी भरायला ओढ्याकडे पळाली.

तात्पर्य : राजाची सेवा मनोभावे करावी. सकाळ-संध्याकाळ, कळशी भरून. त्याने नको म्हटले, तर दुपारीही.